श्रावण आवृत्ती

त्या वर्षी कोल्हापूरला श्रावण जड गेला नाही. एरवी गटारीला पोटभर रस्सा ओरपून पुढे महिनाभर तोंड पाडून बसणारी माणसं कचेरीत, बागेत, चक्क देवळाच्या पायरीवर वेफर्सचे पुडे फोडत होती. पुड्यावर मोठ्या अक्षरांत 'तांबडा रस्सा' आणि खाली 'श्रावण आवृत्ती, साठा मर्यादित' असं छापलेलं. कोपऱ्यात शाकाहाराचा हिरवा ठिपका.

ठिपका खोटा नव्हता. पुड्यात बटाटा, तेल, मीठ, थोडा मसाला आणि 'चवकळ' नावाची पांढरी पूड, एवढंच होतं. आपण आजवर खाल्लेल्या रश्श्याची आठवण मेंदूत जिथे साठलेली असते, तिथली कळ ही पूड दाबत असे. त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या घरचा रस्सा लागायचा. ज्यानं जन्मात मटण खाल्लं नव्हतं, त्याला नुसते मसाल्याचे वेफर्स लागत आणि तो भोवतालच्या तल्लीन चेहऱ्यांकडे बावळटासारखा बघत राही.

चवकळ तयार करणाऱ्या चमूत शर्वरी इंगवले होती. श्रावणाच्या पहिल्या दिवशी तिनं तीस पुड्यांचं खोकं वडिलांपुढे ठेवलं. आबा म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, साठ वर्षं श्रावण पाळणारे. तिची आई, मालनबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्या घरात तांबडा रस्सा शिजला नव्हता.

मालनबाईंच्या रश्श्याची एक खोड होती. तव्यावर खोबरं भाजायला टाकून त्या कुंपणापाशी शेजारणीशी बोलायला जात. खोबरं हटकून करपे आणि रश्श्याला मागाहून एक बारीक कडवटपणा येई. गप्पा किती रंगल्या ते रश्श्यावरून कळतं, असं आबा दर रविवारी म्हणत आणि मालनबाई दर रविवारी रागावत. एवढं होऊनही खोबरं करपायचं काही थांबलं नाही.

पहिला वेफर तोंडात टाकल्यावर आबा म्हणाले, "करपलंय की गं!" आणि रडले. शर्वरीही रडली. आपण काहीतरी पुण्याचं काम केलं, असं तिला त्या दिवशी खरंच वाटलं.

आबांना मात्र खाताना टोचणी लागे. ते कपाटाआड उभं राहून खात, चूळ भरत आणि मगच देवापुढे जात. ठिपका हिरवा आहे, पण जिभेला काय सांगू, असं ते लेकीला विचारत. ती हसून सोडून देई.

चौथ्या आठवड्यात ती पुन्हा आली तेव्हा खोक्यात तीनच पुडे उरले होते. आबा उतरलेल्या चेहऱ्यानं बसले होते.

"आता नुसता रस्सा लागतोय," ते म्हणाले. "चांगला लागतोय, पण तुझी आई येत न्हाई. श्रावण मोडला मी, म्हणून रुसली असंल."

हे शर्वरीला माहीत होतं. चाचणीत वीस पुड्यांनंतर माणसांच्या घरगुती चवी एकमेकींसारख्या व्हायला लागल्या होत्या. त्यावर तिनंच अहवालात लिहिलं होतं की श्रावण संपला की घरोघर रस्सा शिजेल आणि मूळ चव परत बसेल, सबब धोका नाही. खाली सही तिचीच होती. जिथे शिजवणारं माणूसच उरलेलं नाही, अशी घरं तिच्या ध्यानात आली नाहीत, आणि त्यातलं एक घर तर तिचं स्वतःचं होतं.

"आबा, जलरंगातल्या जुन्या चित्रावर ओला ब्रश फिरवला तर काय होतं?"

"रंग उठतो. शेजारच्यात मिसळतो."

"आठवणीचंही तसंच असतं. काढली की ती थोडा वेळ ओली होते आणि मग पुन्हा वाळते. ओली असताना जिभेवर आमचा मसाला होता. शंभर घरांची सरासरी काढून बनवलेला. तो मिसळत गेला. आई रुसली नाही. मी पुसली तिला. मला कळायला हवं होतं."

आबांनी ते सावकाश पचवलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे माझा श्रावण मोडला न्हाई?"

"नाही, आबा."

"मग झालं तर. उगं जिवाला घोर लावून घेतला मी." आणि त्यांनी उरलेल्या तिनातला एक पुडा फोडला. तिनं तो हातातून काढून घेतला, तेव्हा ते नवलानं बघत राहिले.

अमावस्या सरली. गणपती बसायच्या आधीच्या रविवारी शर्वरीनं मटण आणलं. तिनं स्वतः एकही पुडा खाल्ला नव्हता, त्यामुळे आईची चव आता तिच्या एकटीच्याच जिभेवर होती. खोबरं तव्यावर टाकून ती मुद्दाम कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. शेजारीण आता नव्हती, म्हणून तिनं मनातल्या मनात गप्पा मोजल्या. करपल्याचा वास आल्यावरच ती आत गेली. उकळी आल्यावर चमचाभर चाखून पाहिलं, तर तो रस्सा हुबेहूब आईचा होता.

तिनं वाटी आबांपुढे ठेवली. त्यांनी भुरका मारला, थांबले, पुन्हा एक मारला. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"खोबरं जरा करपलंय गं," तिला वाईट वाटू नये अशा बेतानं ते हळूच म्हणाले. "असू दे, जमंल हळूहळू. आई होती तवाच शिकून घ्यायचं हुतंस. तिच्या हातचं कधी करपलं न्हाई."

आणि लेकीचं मन राखायला त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली.