टिंब लावलेल्या फाइली

थट्टाच करायची असती तर मी दुसरा विषय निवडला असता. ती माझी सख्खी भाची होती.

मागच्या रविवारची भरदुपार. दादाच्या घरातली मधली खोली. मी स्वतः तिथे होते.

दादा व्हिडिओ एडिटर. त्याचं काम मॅकवर, वहिनीचा लॅपटॉप विंडोजचा. दोन्हीकडे चालावी म्हणून त्यानं हार्ड डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली. तिच्यात बबडीचे सगळे व्हिडिओ. बबडी म्हणजे त्यांची लेक. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तिचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्येच उरला होता.

मॅकला एक खोड आहे. अशा डिस्कवर तो प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची, पुढे टिंब लावलेली एवढीशी फाइल ठेवून देतो. मॅकवर ती दिसत नाही. विंडोजवर दिसते, पण उघडत नाही...

वहिनीच्या लॅपटॉपवर उघडली.

मूळ व्हिडिओतला तोच झोपाळा. तोच पिवळा फ्रॉक. पण बबडी हसत नव्हती. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन ती पुटपुटली...

"आई, बाबांना सांगू नकोस. ते मला पुसतील."

मी दचकून मागे सरले. वहिनी मात्र रडता रडता हसत होती. तिला राहवलं नाही. "अहो, या ना लवकर! बोलतेय ती!"

दादानं क्लिक केलं. फाइल उघडेना.

"अगं, हा मॅकचा कचरा आहे. किती त्रास करून घेशील जिवाला?"

वहिनी हात धरेपर्यंत त्यानं सगळ्या टिंबवाल्या फाइली उडवल्या. मग तिची समजूत काढायला मूळ व्हिडिओ लावला.

झोपाळा हलत होता... रिकामा.

व्हिडिओत कॅमेऱ्यामागून दादाचाच आवाज. "हस ना गं राणी! हस ना!"

वहिनीनं शांतपणे विचारलं, "कुणाला हसवताय?"

दादानं रिकव्हरी लावली. टिंबवाल्या फाइली परत आल्या. पण त्यांत आता चित्र नाही. फक्त लहान मुलाचा श्वास...

दादानं खोलीत पाऊल टाकलं की तो थांबतो.

आता वहिनी आतून कडी लावून बसते. दादा दाराबाहेर, जमिनीवर. काल मला म्हणाला, "तू तरी सांग ना तिला. एकदाच ऐकू दे म्हणावं."

वहिनीनं मला आत घेतलं तेव्हा मी विचारलं. वहिनी तोंड उघडायच्या आत लॅपटॉपमधून उत्तर आलं...

"नको."

बाहेर येऊन मी दादाला म्हटलं, वहिनी झोपलीय. त्यानं नुसती मान हलवली.

त्यानं ते 'नको' ऐकलं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.