वकिलातीची सीलबंद पिशवी

"दाभाडे, उस्मानपुऱ्यातल्या हॉलवर जा. परदेशी पाहुण्याची पिशवी चोरीला गेलीय. पोरगं सापडलंय, फक्त ताब्यात घ्यायचं. दिल्लीहून फोनवर फोन येतायत."

उपनिरीक्षक मंजुषा दाभाडेनं चहाचा कप खाली ठेवला. "पिशवी सापडली का, सर?"

"पोरगं सापडलंय म्हणतो ना!"

साहेबांच्या लेखी तपास तिथंच संपला होता. मंजुषाच्या लेखी तो अजून सुरूही झाला नव्हता, पण असल्या गोष्टी फोनवर बोलायची खात्यात सोय नसते.

पाहुण्याचं नाव डॉ. हाजिम. त्यांच्या देशाचं नाव इथं सांगत नाही. उगाच कुणाचे तरी खुलासे यायचे. त्या देशात राजवट उलथली होती आणि हंगामी सरकार आलं होतं. तिथल्या सुन्नी लोकांचा या सरकारवर काडीचा भरवसा नव्हता आणि निवडणूक तोंडावर होती. मग सरकारनं सुन्नी मुत्सद्दीच हेरले आणि देशोदेशी धाडले: रुसलेल्यांना समजवा, परत बोलवा.

आपल्या शहरात त्या देशाची तीसेक सुन्नी मुलं शिकायला येऊन अडकली होती. पासपोर्टची मुदत संपली, जुन्या सरकारनं नवे दिले नाहीत. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणून नोकरी नाही, आणि घरी जायचं तर विमानात कोण बसू देणार? डॉ. हाजिम त्यांचे नवे पासपोर्ट घेऊन आले होते. कॅनव्हासच्या, लाखेनं सील केलेल्या पिशवीत. संध्याकाळी ते वाटायचे होते. तीच पिशवी वरच्या खोलीतून नाहीशी झाली होती.

संशयित होता यूनुस, त्या मुलांपैकीच एक आणि पाहुण्यांचा दुभाष्या. मंजुषा त्याला चांगली ओळखत होती. परदेशी नागरिकांची हजेरी तिच्याच टेबलावर व्हायची. आज त्याच्यावर चोरीचा गुन्हा दाखल झाला, तर वैध कागद नसलेला हा पोरगा थेट परदेशी कैद्यांच्या छावणीत जाणार होता. तिथून माणूस कधी सुटतो, हे तिनं अजून पाहिलं नव्हतं.

हॉलच्या फाटकावर कॉन्स्टेबल गोकुळ उभा होता. आत सगळी मुलं भिंतीला टेकून बसली होती. मेचा उकाडा, खिडक्यांना जाळ्या, पंखे नुसतेच फिरतायत. कुणाला पाणी प्यायलाही बाहेर सोडलं नव्हतं.

यूनुस जिन्याजवळ उभा होता. पाचोडच्या भागूबाईंच्या खानावळीत वर्षानुवर्षं जेवून त्याची मराठी तयार झाली होती.

"मॅडम, म्या नाय घेतली."

"मी विचारते तेवढं सांग. तू कुठं होतास?"

"खोलीच्या भायेर, खुर्ची टाकून. डॉक्टरसायेब कुलूप लावून मशिदीत गेले. मला म्हणाले, तू इथंच बस, हलू नको."

"किल्ली?"

"एक त्यांच्या खिशात. दुसरी खाली फळीवर टांगलेली असती. कुणीबी घ्यावी."

"तू घेतलीस?"

"नाय. ते वापस आले, कुलूप उघडलं अन् वरडले, पिशवी नाय म्हणून. तवर म्या आत पाऊलबी टाकलं नव्हतं."

"पिशवी वर कुणी नेली होती?"

"त्यांनीच. म्या हात लावाया गेलो, तर झटकून टाकलं. सरकारी हाय म्हणाले."

"नमाजाला तू का नाही गेलास?"

"आमची असरची, म्हंजी दुपार कलल्यावरची नमाज इथल्या मशिदीच्या आधी व्हती. म्या पढून बसलो व्हतो. डॉक्टरसायबांची तर दुपारीच झाली. आम्ही शाफई पंथाचे, आमची येळ लवकर. प्रवासात आसल्यावर दुपारची अन् असरची एकदमच पढायची मुभा हाय आम्हाला. ते तसं पढून मोकळे झाले."

मंजुषानं मान हलवली आणि यजमानांकडे वळली. मुनीरुद्दीन फारूकी, मोहल्ल्यातले निवृत्त शिक्षक, पांढऱ्या रुमालानं घाम पुसत बसले होते.

"मशिदीत चला असं तुम्ही म्हणालात का, सर?"

"नहीं मॅडम. मैं निकल रहा था, तो खुद बोले, मैं भी चलता. दिल खुश हो गया मेरा. मैंने दोपहर को हिमरू की शाल ओढ़ाई थी ना सत्कार में, वो भी ओढ़ के आए. इत्ती गर्मी में!"

"वाटेत कुठं थांबलात?"

"बस उनकी गाडी के पास. टोपी लेनी थी बोले. मैं आगे चलता रहा, बाद में आ गए."

गाडी अजून गल्लीतच होती. निळ्या नंबरप्लेटची, म्हणजे वकिलातीची. तिच्या काचेला हात लावला तरी दिल्लीपर्यंत बोंब गेली असती.

गोकुळनं फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. सत्कारानंतर फाटकाबाहेर फक्त दोनच माणसं पडली होती, डॉक्टर आणि मुनीरुद्दीन. दोघांच्याही हातात पिशवी नव्हती. जाताना डॉक्टरांच्या अंगावर शाल गुडघ्यापर्यंत लपेटलेली, येताना तीच शाल घडी करून हातावर. मंजुषानं ते पुन्हा पाहिलं.

"मॅडम, गच्ची पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, पोरांच्या पिशव्या झाडल्या," गोकुळ म्हणाला. "काय नाय सापडलं. जमिनीनं गिळलं का काय?"

साहेबांचा फोन पुन्हा वाजला. "अजून तिथंच? पाहुण्यांचं विमान आहे! उचला त्याला. छावणीत गेला की आपोआप बोलेल."

"दहा मिनिटं, सर." तिनं फोन कापला. असं ती नोकरीत पहिल्यांदाच करत होती.

तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. डॉ. हाजिम समोरच्या खुर्चीत बसले. पन्नाशीचे, दमलेले गृहस्थ. इंग्रजीत म्हणाले, "मला उशीर होतोय."

"यूनुस, मी बोलते ते अरबीत सांग. एक शब्द गाळायचा नाही."

"माझ्यावरच आळ, अन् मीच सांगू?"

"तूच. सगळ्या पोरांना कळायला पाहिजे."

तो पुढे आला.

"डॉक्टरसाहेब," मंजुषा म्हणाली, "आमच्याकडे सत्काराची शाल कुणी अंगावर ठेवत नाही. फोटो निघाला की काढायची, घडी घालायची, बाजूला ठेवायची. आमदारापासून सरपंचापर्यंत सगळे हेच करतात. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही या उकाड्यात ती लपेटून बाहेर पडलात. फारूकी सरांना वाटलं, आपला मान राखला."

यूनुसनं सांगितलं. मुनीरुद्दीन यांचा रुमाल हातातच राहिला.

"दुसरं. तुमची असरची नमाज दुपारीच झाली होती. मशिदीत जायची गरज नव्हती. तुम्हाला या इमारतीतून बाहेर पडायचं होतं, आणि सोबत एक भला माणूस साक्षीला हवा होता."

डॉक्टर इंग्रजीत काही बोलू लागले. मंजुषानं हात वर केला.

"तिसरं. या इमारतीत पिशवी नाही. म्हणजे ती बाहेर गेली. बाहेर फक्त तुम्ही दोघं गेलात. फारूकी सर साध्या सदऱ्यात होते. तीस पासपोर्टांनी भरलेली पिशवी शालीखाली घेतली असती तर ती कॅमेऱ्यात फुगलेली दिसली असती. रिकामा कॅनव्हास मात्र घडी करून काखेत मावतो. गाडीपाशी टोपी घ्यायला थांबलात आणि पिशवी आत टाकलीत. येताना शालीचं काम संपलं होतं, म्हणून ती हातावर आली."

यूनुसचा आवाज मध्येच थांबला. त्यानं मंजुषाकडे पाहिलं. "रिकामा?"

"सांग त्यांना. पिशवीत पासपोर्ट नव्हतेच. म्हणूनच तुला ती उचलू दिली नाही. संध्याकाळी सील फोडावं लागलं असतं, म्हणून पिशवीच चोरीला गेली."

यूनुसनं सांगितलं. मग मागच्या बाजूला एका मुलानं तोंडावर हात ठेवला.

"मी तुम्हाला अटक करू शकत नाही," मंजुषा म्हणाली. "तुमच्या गाडीत डोकावू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर मला या पोराला घेऊन जावं लागेल. एवढंच माझ्या हातात आहे. तुम्हीच सांगा."

डॉ. हाजिम खुर्चीतून उठले. मग बोलले ते अरबीत, मुलांकडे बघून. यूनुस एकेक वाक्य मराठीत आणत गेला, शाळेतला धडा वाचल्यासारखा.

"ते म्हणतात, पासपोर्ट दिलेच नव्हते. वरून हुकूम होता, सील दाखवा, पोरांचे फोटो काढा, सुन्नी लोक खूश हायत असं जगाला दाखवा. पासपोर्टाचं निवडणुकीनंतर बघू. ते म्हणतात, म्या बी सुन्नी, मला नाय म्हणता येत नाय. माझी लेक तिकडं हाय. पिशवी रिकामी म्हणालो तर तिला उचलतील. चोरी झाली म्हणालो तर दोष सरकारचा नाय, माझा बी नाय."

"आणि तुझं काय होईल, याचा विचार केला होता का? विचार त्यांना."

यूनुसनं विचारलं. उत्तर ऐकून तो मंजुषाकडे वळला.

"ते म्हणतात, वाटलं दोन दिवस ठेवतील अन् सोडतील. ते म्हणतात, तुला कुणी विचारणारं नव्हतं, म्हणून तुला बसवलं."

मुनीरुद्दीन उठले. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेली हिमरू शाल त्यांनी उचलली आणि पाहुण्याकडे न बघता बाहेर गेले.

मंजुषाला डॉक्टरांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्या लेकीचाही विचार डोक्यातून जात नव्हता. तिनं साहेबांना फोन लावला. "गुन्हा नाही, सर. पाहुण्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय, पिशवी त्यांच्याच गाडीत आहे." पलीकडून काय आलं ते तिनं ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला.

निळ्या पाटीची गाडी विमानतळाकडे निघून गेली. मुलं तशीच भिंतीला टेकून बसली होती.

"यूनुस," मंजुषा म्हणाली, "तुझ्यावर काही नाही. तू मोकळा आहेस. जा."

"व्हय, मॅडम," तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला. "कुठं जाऊ?"