आडवं लाकूड

संग्रहालयात प्राचीन शिक्षांचं नवं दालन उघडायचं होतं, आणि एका पाटीवरून घोडं अडलं होतं. पाटी दोन ओळींची. तिच्यावर वाक्य कुणाचं लिहायचं, सरांचं की बाईंचं?

सर हयात नव्हते. पण संचालक त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे हयात नसल्याचा सरांना काही तोटा नव्हता. क्रूसावर चढवण्यासाठी ग्रीक आणि लॅटिनमध्ये जे शब्द आहेत, त्यांचा अर्थ पक्का आहे, असं सरांनी जन्मभर ठासून सांगितलं : उभा खांब, आडवं लाकूड, खिळे. लोकांना पक्कं बोलणारा माणूस आवडतो. सरांना शाली मिळाल्या.

बाई म्हणजे सरांची बायको. जुने उतारे शोधले बाईंनी, भाषांतर केलं बाईंनी. त्यांना दिसलं ते वेगळंच होतं. ग्रीक ‘स्टाउरोस’ म्हणजे नुसता खांब. कुंपणाच्या खांबालाही तोच शब्द. लॅटिन ‘क्रुक्स’ म्हणजे छळाचं लाकूड, आकाराबद्दल अवाक्षर नाही. क्रियापदं तर आणखी मुकी. वर टांगणे, एवढंच. कशाने टांगलं, माणूस जिवंत होता की मेलेला, ते शब्द सांगत नाहीत. सरांनी अडचणीचे उतारे गाळले आणि उरलेल्यांचं पुस्तक केलं. आयत्या बिळावर नागोबा. प्रस्तावनेत बाईंचे आभार होते, टंकलेखनाबद्दल.

“काकू, तुमचं म्हणणं बरोबर असेलही,” संचालक म्हणाले. बाईंचं अर्धं आयुष्य या दोन भाषांत गेलं, तरी या माणसाला त्या काकूच. “पण लोकांना दाखवायचं काय? नुसता खांब?”

“नुसता खांब. वर एक खुंटी.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, नुसता खांब उभा राहिला तर पाटी बाईंची. आडवं लाकूड टाकावं लागलं, तर पाटी सरांची.

सुतार जुना माणूस होता. लाकूड आडवं पाडलेलं असतानाच त्याने विचारलं, “खुंटी किती उंचीवर?”

“ते कुठे लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नसू दे. मापाशिवाय मी लाकडाला हात लावत नाही. कुणाचं तरी माप द्या.”

आजूबाजूला कुणी नव्हतं. खांब उभा केल्यावर बाईच त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. टांगलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून सुताराने त्यांच्या पायाखाली एक ठोकळा सरकवला. बाईंनी हात वर केले. मनगटांच्या जागी त्याने पेन्सिलीने खूण केली आणि खुणेकडे बघतच राहिला.

“काय झालं?”

“काही नाही. जिवंत माणसाचं माप घेतो तेव्हा आम्ही बोटभर जास्त धरतो. नेमकं घेतलं, तर वस्तू माणसाला ओढते. आज विसरलो.”

बाई हसल्या. ठोकळ्यावरून उतरल्या.

पुढच्या आठवड्यात मनगटं दुखू लागली. वय झालं, म्हणून बाईंनी तेल चोळलं. मग एका दुपारी त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लॅटिन कोश काढला, हवा तो शब्द पाहिला, कोश परत ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या फळीपर्यंत त्यांचा हात कधीच पोचला नव्हता. कोश हवा असला की सरांना हाक मारावी लागे, आणि सर तो मुद्दाम उशिरा काढून देत. स्टूल कोपऱ्यात होतं तिथेच होतं.

त्यांना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दालनात झाडणारी मावशी मात्र कुरकुरायला लागली. “बाई, तुम्ही आलेलं कळतच नाही हो. पाय वाजवत तरी या.” आणि फडकं बुटांशी आणून रोजच्यासारखं म्हणाली, “पाय उचला.”

एकदा सुतार बाईंना बाजूला घेऊन गेला. त्याने खांब दाखवला. खुंटीखालचं लाकूड दोरीने घासल्यासारखं गुळगुळीत झालं होतं. तळाच्या पाचरी दबून चपट्या झाल्या होत्या.

“यावर कुणी काही टांगलं का?” बाईंनी विचारलं.

“कोण टांगणार? दालनाला कुलूप असतं.” त्याचा आवाज खाली आला. “तुमची खूण मी रंधा मारून काढली. पुन्हा आहे तिथंच. बाई, आडवं लाकूड टाकू द्या. वस्तू वेगळी झाली, की माप वेगळं.”

“आणि पाटी?”

“पाटीला काय चाटायचंय?”

बाईंनी बाह्या खाली ओढल्या. दोन्ही मनगटांभोवती लाल कडं उमटलं होतं, आणि ते त्याने पाहिलंच होतं. बाईंना कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण डोळ्यांसमोर सरांचं वाक्य येत होतं, पितळी अक्षरांत, खाली सरांचं नाव. मेल्यावरही तोच वर.

“आडवं लाकूड टाकायचं नाही,” त्या म्हणाल्या.

सुताराने हत्यारं गोळा केली. जाताना त्याने तो ठोकळा खांबापाशी ठेवला.

“हा राहू दे इथे,” तो म्हणाला. “लागला तर.”

संचालकांनी दालन बघितलं आणि पहिल्यांदा ठोकळाच उचलायला लावला. वाईट दिसत होता.

उद्घाटनाच्या सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. पाटी लागली होती. ‘शब्द फक्त टांगलं एवढंच सांगतो. कशाने, आणि जिवंत की मृत, हे सांगत नाही.’ खाली त्यांचं नाव. कुणाची बायको वगैरे काही नाही.

खांबाला पाठ लावून बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. डोळे भरून आले. पुसायला हात खाली घ्यावा म्हटलं, पण हात खाली येईना.

मावशी फडकं मारत मारत आली. फडक्याची काठी बाईंच्या बुटांशी आली आणि क्षणभर थांबली. आज ती ‘पाय उचला’ म्हणाली नाही. तिने वर पाहिलंच नाही.

ओलं फडकं बाईंच्या एका पायाखालून गेलं, दुसऱ्या पायाखालून बाहेर आलं, आणि कुठेही न अडता भिंतीपर्यंत गेलं.