तिसरी हाक

"आजोबा, खरीच गोष्ट सांगा हं. मागची नुसती थाप होती," धाकटी नात म्हणाली.

"माझ्या ओळखीच्या सुताराची आहे. धडधाकट आहे अजून, विचार जाऊन," असं म्हणून आजोबांनी कंदिलाची वात खाली केली.

सतरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेनऊ. जुनी टपाल कचेरी पंधरा वर्षं बंद होती, आता तिथं वाचनालय व्हायचं होतं. सॉर्टिंगच्या खोलीतल्या लाकडी खणांची मापं कामावरच्या साहेबांना सकाळी हवी होती. सुताराचा पाय घरातून निघेना. धाकट्या लेकीच्या अंगात तीन दिवस ताप.

"अहो, पटकन जाऊन या. मी आहे ना तिच्या उशाशी. आणि देव काय झोपलाय?" बायको म्हणाली.

खोली त्याच्या पायाखालची. सुतारकामात पडण्याआधी चार वर्षं त्यानं इथंच पत्रं लावलेली. पत्ता धड लागला नाही, की वाचणारा मोठ्यानं हाक द्यायचा. ज्याला आळी ठाऊक, तो जागेवरूनच खणाचा नंबर ओरडायचा. तीन हाका. कुणीच बोललं नाही, तर पत्र परत.

त्यानं टॉर्च फळीवर ठेवला, टेप लावली. उंची सात फूट. रुंदी...

"गिरणीमागं, शिंपी!"

"अकरा!" हात न थांबवता सुतार बोलून गेला.

ठप्. शिक्का बसला.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. खोलीत तो एकटाच होता.

"कोण आहे रे? पुरे झाली चेष्टा."

त्यानं टॉर्च उचलून फिरवला. जमिनीवरच्या धुळीत पावलं होती ती त्याच्या एकट्याचीच.

फोन वाजला. बायको.

"अहो, गिरणीमागचे शिंपीमामा गेले. आत्ता, जेवता जेवता. तुम्ही या बरं लवकर."

"पोरगी?"

"झोपलीय. अंग नुसतं फणफणलंय."

"मग पळाला ना तो?" नातीनं विचारलं. आता ती आजोबांना चिकटून बसली होती.

"पळालाच. दारापर्यंत पोचला. तेवढ्यात..."

"विहिरीची आळी. सुताराची धाकटी."

चारचा आकडा जिभेवर आला. जुनी सवय. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

पळावं? आणि मागून दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं तर?

तो उभा राहिला.

"विहिरीची आळी..." आवाज आता जवळून आला. "सुताराची धाकटी."

टॉर्च विझला. देवाचं नाव मनातल्या मनातसुद्धा धड घेता येईना.

तिसरी हाक कानाशी. गार श्वासासकट. हळू, लाडीगोडीनं.

"सुताराची धाकटी... चारच ना?"

त्यानं जीभ चावली. तोंडात रक्त आलं. शब्द नाही.

...

ठप्.

तो धावत सुटला. घराचं दार सताड उघडं. बायकोचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. त्यानं लेकीच्या कपाळाला हात लावला.

गार.

त्यानं तिचा खांदा हलवला.

"बाबा... पाणी."

ताप उतरला होता! तो हुंदके देत तिला पाणी पाजू लागला. बायको जागी झाली.

"कोण आलं होतं गं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. आतून कडी होती की. तुम्हीच वाजवलीत, म्हणून धडपडत उघडली, नि पुन्हा डोळा लागला."

"मी... आत्ता आलोय."

बायकोनं उठून दाराला कडी घातली.

लेकीचं डोकं उचलून त्यानं उशी सारखी केली. अभ्र्यावर गोल काळा शिक्का. शाई ओली. सतरा नोव्हेंबर. खाली दोनच शब्द.

परत पाठवले.