रिकामी वाघर

सकाळी सातलाच फोन वाजला. "मॅडम, आज आणखी दोघी गाभडल्या," एवढंच बोलून कडूबाने फोन ठेवला.

डॉ. वंदना कुंभार पिंपळगावात जनावरांची डॉक्टर होती. दहा दिवसांत कडूबाच्या तेवीस गाभण मेंढ्यांपैकी सतरा गाभडल्या होत्या. दिवस भरायला पंधरवडा उरलेला असताना कोकरं बाहेर पडत आणि तासाभरात मरत. कडूबा आणि त्याची बायको नंदाबाई यांना पोटी लेकरू नव्हतं, जमीन नव्हती. होतं ते एवढंच. आता सहा गाभण उरल्या होत्या.

त्यांची वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, महिनाभर राधाकिसन या शेतकऱ्याच्या रानात होती. शेताला लेंडीखत, धनगराला धान्य, असा जुना रिवाज. पण राधाकिसन रानडुकरं हाकायला फटाके उडवायचा, आणि त्या धास्तीनंच मेंढ्या गाभडल्या, असं कडूबा गावभर सांगत होता. उद्या जातभाई बहिष्कार ठरवायला जमणार होते. मग राधाकिसनच्या रानात पुन्हा कुणी मेंढरू बसवणार नव्हतं.

वंदनालाही हे पटलं होतं. रोगाच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. पण काल गाभडलेल्या मेंढ्यांच्या रक्ताचा अहवाल आला आणि ती चक्रावली. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं. इथं ते जवळजवळ नव्हतंच. त्याला रक्तात धरून ठेवणारं प्रथिन कमी पडलं असेल म्हणावं, तर तेही भरपूर होतं.

रानात पोचल्यावर तिनं आधी राधाकिसनला गाठलं. तो बिचारा रडकुंडीला आला होता. फटाके आपण दिवाळीपासून उडवतो, मेंढ्या आल्या तेव्हा दोन दिवस दचकल्या आणि मग मानही वर करेनात, असं तो शपथेवर सांगत होता.

नंदाबाईला तिनं विचारलं, "मावशी, गाभडल्या त्या कोणत्या?"

"जड झालेल्या. चरताना मागं राह्यच्या त्या. हलक्या हायेत त्या बराबर हायेत."

फटाका काय जड मेंढी बघून वाजतो? वंदनाने गाभडलेल्या एकीची मान चाचपली. लोकरीखाली, सुई टोचल्या जागी येते तशी हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुसरीलाही तिथंच.

कडूबा बांधावरून उडी मारून आला. मागच्या वर्षी हा माणूस काठीशिवाय चालत नव्हता. चेहरा मात्र गोल, टम्म फुगला होता.

"मामा, गुडघा कसा आहे?"

"बिलकुल न्हाई दुखत. शहागडला एक जण गोळ्या देतो. दोन दिवसांत चालाया लागलो."

"आणि मेंढ्यांना?"

कडूबा खाली बघत म्हणाला, "त्याच औषधाची सुई हाय त्याच्याकडं. ताकदीची. म्या सोताच टोचून राह्यलो. मागं राहून राह्यल्या होत्या, मला बघवंना."

वंदनाला वाटलं, हा माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मामा, ऐका. भीतीचा एक रस अंगात असतो. रक्तातलं प्रथिन त्याला धरून ठेवतं, तुमच्या वाघरीसारखं. बहुतेक रस आत कोंडलेला असतो. बाहेर सुटेल तेवढाच काम करतो. फटाक्यांनी रस वाढला असता तर वाघर भरलेली दिसली असती. इथं वाघर धड आहे आणि आत काहीच नाही. म्हणजे अंगानं रस करायचंच सोडलं. बाहेरून त्याच जातीचं औषध, स्टेरॉइड, आलं की असं होतं. ते औषध वाघरीत थांबत नाही, सगळंच मोकळं सुटतं. शेवटच्या दिवसांत मेंढीच्या पोटाला वाटतं, वेळ भरली. ज्या हलक्या होत्या त्यांना तुम्ही टोचलं नसावं, म्हणून त्या अजून वाचल्यात."

राधाकिसन सुटला होता, पण त्याला हायसं वाटलेलं दिसलं नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"म्हंजी म्याच मारली," कडूबा म्हणाला.

तुमच्या गोळ्याही एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल, हेही वंदनाला सांगायचं होतं. पण आधी दुसरंच विचारणं भाग होतं.

"उरलेल्या सहांना तरी नाही ना टोचलं?"

"परवापासून टोचून राह्यलो. आजची तिसरी. तुमी येणार म्हून पहाटीच दिली. चांगल्या दिसाव्या म्हून."

जाळीपलीकडे एक मेंढी कळा आल्यासारखी पुढच्या खुरानं जमीन उकरू लागली होती. नंदाबाई तिच्याजवळ जाऊन बसली.