तोंडाला दारूचा वास

रुग्णवाहिकेत चौदा वर्षं काढल्यावर मी एक गोष्ट शिकलोय. रुग्ण प्यायलेला असला, तरी दारूवर खापर सगळ्यात शेवटी फोडायचं. आधी नाव विचारायचं, वार विचारायचा, आपला हात दाबायला लावायचा, रक्तातली साखर बघायची, टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का ते पाहायचं. दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. लोक वैतागून शिव्या घालतात. शिव्या घालणारा रुग्ण मला आवडतो.

हे सगळं मला दादाच्या वेळीही येत होतं. माझा थोरला भाऊ. संध्याकाळी जिन्यावरून पडून घरात आला, तोंडाला वास. "बाळ्या, फार झोप येतेय रे," म्हणाला. मी नुकताच कामावरून आलो होतो आणि त्याच्या पिण्याला विटलो होतो. "मग झोप की एकदाचा," म्हणालो. तो घोरायला लागला, तेव्हा बायकोला म्हटलंसुद्धा, बघ, कसा राजासारखा झोपलाय. आमची जेवणं होईपर्यंत घोरणं थांबलं होतं. शवविच्छेदनात दारू जेमतेम निघाली. डोक्यात मात्र रक्त साकळलं होतं.

वर्षभराने एका रंगाऱ्याला नेत होतो. प्यायलेला, कानामागे टेंगूळ. साखर ठीक, बाहुल्या ठीक. डोळे मिटून तो म्हणाला, "बाळ्या, फार झोप येतेय रे."

मला बाळ्या फक्त दादा म्हणायचा. आवाजही त्याचाच होता. रंगाऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव निघाला. तो वाचला.

त्यानंतर असे सात जण झाले. नुसते प्यायलेले कधी तसं बोलले नाहीत. डॉक्टर म्हणायला लागले, तुझं नाक भारी तिखट आहे. मी मान डोलवायचो. रुग्णालयात गाडीचं दार उघडलं की आवाज थांबायचा, आणि मला रडू यायचं.

खरं सांगायचं तर मी वाट बघायला लागलो. एखादा प्यायलेला धडधाकट निघाला की मन खट्टू व्हायचं. लाज वाटायची, पण व्हायचं.

आज दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई दुकानाच्या पायरीवरून पडल्या. वास येत होता. त्यांची मुलगी पुढे चालकाशेजारी बसली. "आई रोज नाही हो पीत," असं दोनदा म्हणाली.

बाईंनी वार बरोबर सांगितला. हात घट्ट दाबला.

मग म्हणाल्या, "बाळ्या."

"गाडी पळव रे!" मी चालकाला ओरडलो.

"कसली घाई?" दादाचा आवाज म्हणाला. "त्या दिवशी जवळ बसला नाहीस. आज तरी बस."

मी बसलो. "दादा, चुकलं माझं."

"असू दे."

गाडी रुग्णालयात येऊन थांबली. बाईंची उजवी बाहुली मोठी झाली होती. टॉर्च मारला तरी हलेना.

"थोडा वेळ आणखी," दादा म्हणाला.

बाहेरून दार ओढत होते. मुलगी आईला हाका मारत होती.

"दार अडकलंय!" चालक ओरडला.

दार अडकलं नव्हतं. आतली कडी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.