मेलो भागिले एक

"पण सर, एखादा 'मेलो' म्हणाला, तर तो किती मेला हे यंत्राला कळणार कसं?" डॉ. रेहाना मुजावरनं विचारलं.

नाशिकच्या दूरशुश्रूषा केंद्रात डॉ. दिगंबर राजहंस आपल्या कण्हमापकावर लाडानं हात फिरवत होते. साथीनं निम्मं शहर घरात आडवं पाडलेलं. डॉक्टर पुरत नव्हते आणि ऑक्सिजन मोजायचे चिमटे बाजारातून गायब झालेले. आवाजाचा तुटवडा मात्र कुठल्याच घरात नव्हता. म्हणून राजहंसांनी घरोघरी कण्हणं ऐकणारं यंत्र बसवलं होतं.

"तुझ्या आजीला न्यूमोनिया झाला तेव्हा ती काय म्हणाली?"

"'जराशी कणकण आहे, भाकऱ्या तेवढ्या थापून घेते.'"

"आणि काही लोक ठेच लागली तरी मृत्युपत्र काढतात. म्हणून आधी घरच्यांची साक्ष घ्यायची आणि त्यावरून प्रत्येकाचा कुरकुरांक ठरवायचा. तक्रार भागिले कुरकुरांक, की खरं दुखणं हाती!"

"आकड्यात चूक झाली तर?"

"घरचे बोलले तरच बदलेल. आपल्यालाही बदलता येणार नाही. नाहीतर आमदारांचे फोन सुरू होतील."

मग साथीनं राजहंसांनाच गाठलं. बेडरूममध्ये कोंडलेले, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालेलं. ते भिंतीवरच्या कण्हमापकाकडे तोंड करून कसेबसे म्हणाले, "मेलो… श्वास…"

"तक्रार मिळाली," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "भागाकार केला. प्रकृती ठणठणीत. गुळण्या करा."

त्यांनी रेहानाला फोन लावला. "माझा कुरकुरांक किती आहे?"

"शहरात सगळ्यात मोठा, सर."

"साक्ष कुणी दिली?"

"वहिनींनी."

"शालन!" ते दाराकडे तोंड करून ओरडले. "काय सांगितलंस तू यंत्राला?"

"जे खरं तेच," दारापलीकडून उत्तर आलं. "परवा उपमा सैल झाला, तर मेलात. न्हावी बदलला, तर मेलात. आपल्या लग्नात बूट चावला, तर अंतरपाट धरलेला असताना मेलात! खोटी साक्ष देऊ?"

"अगं, आता खरंच मरतोय!"

"तेव्हाही खरंचच होतं."

राजहंस उशीवर कोसळले. त्यांच्या यंत्रानं त्यांना ओळखलं नाही, त्याचं एवढं नाही. पण जिच्याशी जन्मभर संसार केला, तिनं त्यांचा चक्क भागाकार करून टाकला होता.

फोनवर रेहाना ऐकतच होती. "सर, एकच उपाय आहे. गप्प बसा. तुमची कुरकुर थांबली की यंत्र हादरेल आणि रुग्णवाहिका पाठवेल."

शालननं दाराच्या फटीतून पेज सरकवली. अळणी, गार, वर साय धरलेली. राजहंसांनी एक अक्षर न काढता संपवली.

"अहो, मीठ राहिलंय हो त्यात…" बाहेरून आवाज आला. मग थोडा चिरका, "अहो! काहीतरी बोला ना!"

थोड्याच वेळात आपोआप चालणारी एक गाडी दारात येऊन उभी राहिली. शववाहिका.

"सर, हलू नका," रेहाना फोनवर कुजबुजली. "एवढा कुरकुरांक आणि आवाज शून्य. यंत्रानं तुम्हाला मयत धरलंय. पण ही गाडी इस्पितळाच्या दारात आणखी प्रेतं घ्यायला थांबते. मी तिथं स्ट्रेचर घेऊन उभी आहे. तोवर तोंड उघडू नका, गाडीतही कण्हमापक आहे."

प्रेताबरोबर घरच्या एका माणसाला बसता येत होतं. शालनलाही रेहानानं बेत सांगितला होता; ती मुखपट्टी लावून उशाशी बसली. राजहंस खरोखर एवढे गप्प तिनं आजवर पाहिले नव्हते. तिचा हुंदका खरा होता की यंत्रासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण मयताजवळ बसून बाई गप्प कशी राहणार?

"देवमाणूस हो!" तिनं सूर लावला. "कधी कशाला नावं ठेवली नाहीत. समोर येईल ते गोड मानून खाल्लं. जन्मात तक्रार म्हणून केली नाही!"

समोर इस्पितळाचं फाटक आलं. स्ट्रेचरपाशी रेहाना हात हलवत होती. गाडीचा वेग कमी झाला.

"घरच्यांची नवी साक्ष मिळाली," गाडीतलं यंत्र म्हणालं. "कुरकुरांक, एक. गप्प राहण्याचा स्वभावच आहे. प्रकृती ठणठणीत. इस्पितळाचा थांबा रद्द. गाडी घरी नेत आहे."

आणि फाटकासमोरच गाडी वळायला लागली.

राजहंसांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं. ती घाईघाईनं म्हणाली, "मी तर चांगलंच बोलले हो!"

होता नव्हता तेवढा दम गोळा करून ते ओरडले, "अगं बाई, मेलो!"

गाडी जागच्या जागी थांबली. कण्हमापकानं भागाकार केला आणि राजहंसांवर प्रथमच पूर्ण विश्वास ठेवला.

"नोंद घेतली," यंत्र हळहळून म्हणालं. "घरच्यांच्या दुःखात केंद्र सहभागी आहे."

दारं कुलूपबंद झाली. ओरडत धावत येणाऱ्या रेहानाला मागं टाकून गाडी, कुठंही न थांबता, सरळ स्मशानाच्या रस्त्याला लागली.